पुस्तक ओंजळीत आहे

टिटवीला पहिल्यांदा मळमळलं ते एका बिस्किटामुळे.

ब्रँडवाला बोलता बोलता चहात बिस्कीट बुडवत होता. बोलणं इतकं रंगात आलं की बिस्कीट अर्ध्यातून तुटलं आणि डुबकन कपात गेलं. दुसऱ्या कुणीही तो कप हळूच बाजूला सारला असता. या पठ्ठ्याने खिशातलं पेन काढलं, टोपणाच्या टोकाने तळातला लगदा वर घेतला, तोंडात टाकला, आणि तेच ओलं पेन पडद्याकडे रोखून म्हणाला, "आपल्याला भिंती पाडायच्या आहेत."

"किती छान," ग्रंथालयाच्या संचालक मॅडम म्हणाल्या.

टिटवीने आपला चहा न पिताच खाली ठेवला. मीटिंगची खोली तशीही कोंदट होती. गालिच्याला ओल्या मोज्यांचा वास, आणि खिडकी होती ती फाइलींच्या कपाटामागे. त्यात आता हे पेन.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती सारखी कशावरून तरी घर डोक्यावर घ्यायची. नळ टपकतोय, गॅसचा वास येतोय, मागच्या दाराला कडी लावली नाही. म्हणून मोठ्या बहिणीने, म्हणजे अक्काने, हे नाव ठेवलं. पुढे एकदा अक्काने ऑफिसात फोन करून "टिटवी आहे का हो जागेवर?" असं विचारलं आणि कारभार आटोपला. तेव्हापासून ग्रंथालयातली झाडून सगळी माणसं तिला टिटवीच म्हणायची, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर.

तिचं काम असं. विद्यापीठाचे कॅम्पस पाच: मुख्य, वैद्यकीय, इंजिनिअरिंग, शेतकी आणि नदीपलीकडचा. नदीपलीकडे नोकरी सांभाळून शिकणारे लोक यायचे. प्रत्येक कॅम्पसचं ग्रंथालय वेगळं, पण पुस्तक शोधायचं संगणकावरचं पान सगळ्यांचं मिळून एकच. त्यावर तुम्ही मूत्रपिंड लिहा नाहीतर मका लिहा, पान सांगणार की अमुक पुस्तक, तमुक कॅम्पस, दुसरा मजला, खिडकीजवळचं कपाट. हे पान टिटवी सांभाळायची. दिसायला ते दवाखान्यातल्या बाकड्यासारखं होतं, राखाडी आणि टणक. पण खोटं बोलत नसे.

आता भांडण कशावरून लागलं म्हणाल तर ह्याच पानावरून. वैद्यकीयच्या ग्रंथालयाचे प्रमुख, ज्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणत, त्यांची तक्रार अशी की आमची मुलं पान उघडतात आणि त्यांना शेतकीचं नाव दिसतं, ते बरं दिसत नाही. शेतकीवाले म्हणाले, आम्हाला तुमचं दिसतं ते काय फार बरं दिसतं? इंजिनिअरिंगला आपलं चिन्ह, ते दातेरी चाक, पानावर गरगर फिरायला हवं होतं. प्रत्येकाला आपलं नाव वर, आपलं चिन्ह मोठं, आपला रंग ठळक. शेवटी त्या गरीब पानावर पाच चिन्हं अशी दाटीवाटीने बसली की शोधायची चौकट सापडायला आधी चष्मा शोधावा लागायचा. म्हणून मॅडमनी संस्थांना नावं आणि चिन्हं बनवून देणाऱ्या ह्या ब्रँडवाल्याला बोलावलं.

आणि त्याने तोडगा काढला. तो असा साधा होता की फक्त असल्याच माणसाला सुचावा: सगळ्यांचीच नावं पुसून टाकायची.

"नाव लिहिलं की भिंत उभी राहते," तो म्हणाला. "आजपासून वैद्यकीय नाही, शेतकी नाही. एकच नाव." त्याने त्याच पेनाने लॅपटॉपचं बटण दाबलं आणि पडद्यावर दोन जोडलेले तळहात उमटले. खाली लिहिलं होतं: ओंजळ. "आणि पुस्तक कुठे आहे, या प्रश्नाला आता एकच उत्तर. पुस्तक ओंजळीत आहे."

मागचा सगळा पडदा एका रंगाने भरून गेला होता. त्या रंगाला त्याने नाव दिलं होतं 'उबदार वाळू'. टिटवीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला शेजारणीचं तान्हं बाळ आठवलं, दूध पिऊन झाल्यावर खांद्यावर घेतलं की ते जे करायचं ते. अगदी तोच रंग. आणि त्यावर ते दोन तळहात असे पुढे धरलेले, की आता कुणीतरी त्यात ओकणार आहे.

"सर," टिटवी म्हणाली, "मग पुस्तक नेमकं कुठल्या कॅम्पसमध्ये आहे ते वाचणाऱ्याला कळणार कसं?"

ब्रँडवाल्याने तिच्याकडे अशा मायेने पाहिलं की तिच्या अंगावर काटा आला. "कळायला कशाला हवं? जाणवायला हवं."

"पण घ्यायला जायचं कुठे?"

"मला तर कधी जावं लागलं नाही," डॉक्टरसाहेब म्हणाले. "आमच्याकडे शिपाई आणून देतो."

"शोधलं की सापडतंच," मॅडम म्हणाल्या. "त्यातच खरी गंमत."

टिटवीने आणखी एकदा तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिला दाराजवळ शिंक ऐकू आली. दारावरून प्रूफवाले सर चालले होते, ग्रंथालयाचं छापील साहित्य तपासणारे. गेल्या वर्षी त्यांनी मॅडमच्या एका भाषणातली चूक भर मीटिंगमध्ये दाखवली होती. तेव्हापासून ते तळघरात जुनी वर्तमानपत्रं झटकत बसत, आणि जेवणापुरते वर येत तेव्हा नाक लाल झालेलं असे. मॅडमनीही ती शिंक ऐकली. त्यांनी टिटवीकडे पाहून नुसतं स्मित केलं.

"तुला पटतंय ना गं?"

आणि टिटवीने मान हलवली. होकारार्थी. आपलीच मान अशी कुणाच्या तरी बोटाला बांधल्यासारखी हललेली तिला कळली, आणि त्या बिस्किटाच्या लगद्यापेक्षा आपल्या मानेचीच जास्त किळस आली.

ब्रँडवाल्याच्या माणसांनी त्याच आठवड्यात कामाला हात घातला. नुसत्या पानावरची अक्षरं झाकली असती तर एकवेळ चाललं असतं. पण या शहाण्यांनी मुळात हात घातला. प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत जिथे कॅम्पस, मजला आणि कपाट लिहिलेलं असायचं, तिथलं सगळं खरवडून काढलं आणि 'ओंजळ' भरलं. म्हणजे आता वाचणाऱ्यालाच काय, खुद्द टिटवीलाही कुठलं पुस्तक कुठे आहे ते दिसेना. उद्घाटन व्हायचं होतं, पण पान मात्र चाचणी म्हणून सुरू करून टाकलं.

त्या चाचणीत सगळ्यात आधी सापडली अक्का.

अक्का मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात होती. चादरी, गाऊन, ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे कपडे, जे जे माणसाच्या अंगातून बाहेर येतं ते सगळं लागलेलं असं तिच्यासमोर ढिगाने यायचं, आणि ती ते वेगळं करून मशीनमध्ये टाकायची. तिला कशाचीही किळस वाटत नसे. तीन वर्षांपूर्वी तिच्या मनाने घेतलं की पर्यवेक्षक व्हायचं, आणि त्यासाठी नदीपलीकडच्या कॅम्पसमधून पदविका करायची. प्रकल्पाचा विषय तिने स्वतःच निवडला होता: कपड्यातून पसरणारा संसर्ग आणि धुण्याच्या पाण्याची उष्णता. त्यात ती दोनदा नापास झाली होती. तिसरी खेप शेवटची, त्यानंतर नाव कायमचं कटणार होतं. मार्गदर्शक बाईंनी प्रकल्प परत देताना सांगितलं होतं, "बाकी उत्तम आहे. पण सुती कापड किती गरम पाण्याला टिकतं ते तुम्ही मनाने लिहिलंय. त्याला पुस्तकाचा आधार हवा. आधार नाही, तर पास नाही."

तसं पुस्तक सबंध विद्यापीठात एकच होतं, आणि तेही तिथेच बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. अक्काला आठवड्यातून एक सुट्टी. प्रकल्प द्यायच्या आधी सुट्ट्या उरल्या होत्या दोन.

त्यातली पहिली सुट्टी संपवून अक्का संध्याकाळी घरी आली ती चपला पायातून अक्षरशः झटकत.

"टिटे, इकडे ये," ती म्हणाली. "ओंजळ म्हणजे काय गं?"

"का गं?"

"तुझ्या त्या पानावर लिहिलंय, पुस्तक ओंजळीत आहे. मी म्हटलं नवीन खोलीबिली काढली असेल. दोन बस बदलून आमच्या कॅम्पसला गेले. तिथल्या माणसाला विचारलं, ओंजळ कुठंय? तो म्हणतो, कसली ओंजळ? मी म्हटलं, पुस्तकांची. त्याच्या ओंजळीत होते शेंगदाणे. तो म्हणतो, हे घ्या, एवढंच आहे."

आई भाजी निवडता निवडता हसायला लागली. अक्का नाही हसली.

"मग मीच शोधलं. सगळी कपाटं. खालून वर, वरून खाली. माझ्यासारख्या आणखी चौघीजणी तसल्याच हिंडत होत्या, मान वाकडी करून, मेंढरं चुकल्यागत. एक तर रडायला आली होती. शेवटी बंद करायची वेळ झाली. माझी सुट्टी गेली."

"अक्का, ते बहुतेक दुसऱ्या कॅम्पसमध्ये असेल."

"कुठल्या?"

टिटवीने आईच्या पुढ्यातली एक जुडी ओढून घेतली.

"तुला माहीत नाही? तुला?" अक्का कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "अगं, तुझंच ना ते पान?"

"त्यांनी सगळी नावं पुसलीत. आता कुणालाच दिसत नाही."

"कोणी पुसली?"

"एक ब्रँडवाला आहे. तो म्हणतो, नावं म्हणजे भिंती."

अक्काने फोन काढून ते पान परत उघडलं. बराच वेळ त्या रंगाकडे पाहत राहिली. "आमच्याकडे या रंगाच्या चादरी आल्या की मी दोनदा धुते," ती म्हणाली. "आणि तू काय केलंस? तू तर जन्माची टिटवी. ओरडलीस ना?"

"विचारलं मी."

"मग?"

"मग मान हलवली."

आईच्या हातातली भाजीची काडी मोडल्याचा आवाज तेवढा झाला. अक्काने पाय धुतले, ताट घेतलं आणि जेवायला बसली. टिटवीला वाटलं, हिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी टिटवीने एकेका कॅम्पसला फोन लावला. मुख्य तिने स्वतःच पालथं घातलं होतं, नदीपलीकडचं अक्काने. आधी वैद्यकीयला विचारलं, कारण संसर्ग म्हणजे तिथेच असणार.

"पानावर बघा ना," तिकडचा माणूस म्हणाला.

"पानावर कळत नाही म्हणून तर विचारतेय."

"थांबा हं." किबोर्डचा आवाज आला. "आहे की. ओंजळीत आहे."

"ओंजळ कुठे आहे?"

"ते तुम्हाला माहीत. तुम्हीच ना पानवाल्या?"

इंजिनिअरिंगलाही हेच. शेतकीला तर फोन उचलणाऱ्याने तिला आनंदाने "अभिनंदन" म्हटलं, नवीन पान फार देखणं झालंय म्हणून. कपाटाशी जाऊन बघा म्हटलं तर म्हणाला, "बाई, इथे तीन इमारती आहेत. कुठल्या कपाटाशी जाऊ ते पान सांगेल तेव्हा जाईन."

मग ती मॅडमकडे गेली. एक उपाय होता. पुस्तकांच्या नोंदींची दर आठवड्याला एक आख्खी प्रत आपोआप निघून बाजूला पडायची. पुसापुशीच्या आधीची प्रत शाबूत होती. ती उघडून वाचता येत नाही. पोतं रिकामं करावं तशी ती सगळीच्या सगळी परत ओतायची असते. ओतली की पाचही कॅम्पसची नावं, मजले आणि कपाटं जिथल्या तिथे.

"उद्घाटनापर्यंत पानाला कुणी हात लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या. त्या फुलांचे रंग निवडत होत्या, वाळूशी जुळणारे.

"मॅडम, लोकांचे दिवस फुकट जातायत. एका बाईची परीक्षा आहे, तिचं पुस्तक..."

"एका बाईसाठी मी ओंजळ सांडू का?" असं म्हणून त्यांनी आपल्याच वाक्याकडे जरा कौतुकाने पाहिलं आणि ते समोरच्या कागदावर टिपून घेतलं. भाषणासाठी.

टिटवी बाहेर येऊन जिन्यात उभी राहिली. या लोकांची गंमत अशी होती की ते दुष्टसुद्धा नव्हते. दुष्ट माणसाला निदान माहीत असतं आपण कुणाचं वाकडं करतोय. हे सगळे चिकट पाकात बुडालेले होते, नाकातोंडापर्यंत, आणि तिलाही आत ये म्हणत होते.

उद्घाटन ठरलं नेमकं अक्काच्या दुसऱ्या सुट्टीच्या दिवशी. अक्का सकाळी डबा बांधत होती. कुठे जायचं ते माहीत नसलेल्या माणसाने डबा बांधावा हे टिटवीला बघवेना.

"तू थांब," ती म्हणाली. "मी फोन करेपर्यंत निघू नकोस."

"का? ओंजळ पत्ता सांगणारेय?"

"हो," टिटवी म्हणाली आणि निघाली.

ग्रंथालय उघडायच्या आधीच ती आपल्या खोलीत पोचली होती. झाडूवाल्या मावशींनी दार उघडून दिलं आणि "आज मोठा कार्यक्रम ना?" म्हणून विचारलं. टिटवीने हो म्हटलं, खुर्ची ओढली आणि प्रत ओतायला सुरुवात केली. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. ती सरकेपर्यंत टिटवी मनातल्या मनात भाषण पाठ करत बसली, मला का केलं विचाराल तर ऐका, वगैरे वगैरे. तळघरात न्यायला एक जाड रुमालही तिने पिशवीत घालून आणला होता, नाकाला बांधायला.

पट्टी भरली तेव्हा सभागृहात माणसं बसायला लागली होती. टिटवीने अक्काचं पुस्तक शोधलं. शेतकी कॅम्पस, मागची इमारत, तळमजला. शेतकी! कापूस पिकतो शेतात, म्हणून कापडाचं पुस्तकही तिथेच जाऊन बसलं होतं. कुणाच्या बापाच्या लक्षात आलं नसतं. तिने अक्काला फोन करून सांगितलं, आणि अक्का डबा उचलून निघाली.

सभागृहभर ती उबदार वाळू पसरलेली. फुगे त्याच रंगाचे, पडदा त्याच रंगाचा, आणि मॅडमची साडीसुद्धा. टिटवी सगळ्यात मागे टेकून बसली. मॅडमनी शोधायच्या चौकटीत 'आनंद' असा शब्द लिहिला आणि बटण दाबलं.

भिंतभर मोठ्या अक्षरांत यादी आली. पहिल्या पुस्तकाखाली: वैद्यकीय कॅम्पस, पहिला मजला. दुसऱ्याखाली: शेतकी कॅम्पस. तिसऱ्याखाली: नदीपलीकडचा कॅम्पस, तळमजला. आंधळ्यालाही दिसावीत अशी दाराएवढी अक्षरं.

आता कुणीतरी ओरडणार म्हणून टिटवी वाट बघत बसली.

"बघा," ब्रँडवाला माइकवर म्हणाला, आणि त्याचा गळा भरून आला. "कुठे भिंत दिसते? कुठे तुझं-माझं दिसतं? सगळं एकात एक विरघळलंय."

आणि टाळ्या. कडकडून टाळ्या. डॉक्टरसाहेब मान डोलावत होते. मॅडम डोळे टिपत होत्या.

टिटवीला वाटलं आपलेच डोळे फिरले. तिने परत वाचलं. नावं होती, सगळी होती. मग तिच्या ध्यानात आलं. यातल्या एकानेही ती ओळ कधी वाचलीच नव्हती. आधी होती तेव्हा नाही, पुसली तेव्हा नाही, आणि आता भिंतीवर आहे तरी नाही. इतक्या दिवसांचं ते भांडण आणि त्या मीटिंगा, आणि यांच्यापैकी कुणी आयुष्यात या पानावर एक पुस्तक शोधलं नव्हतं.

खरं तर तिने गप्प बसायला हवं होतं. सगळं निभावलं होतं की. पण टिटवी ती टिटवीच.

"सर," ती उभी राहून म्हणाली, "तिसरी ओळ वाचा ना. नदीपलीकडचा कॅम्पस, तळमजला. सगळी नावं परत आलीयत. मी सकाळी घातली. न विचारता."

माना भिंतीकडे वळल्या. मॅडमचा हात डोळ्यांपाशीच राहिला. ब्रँडवाल्याचं तोंड उघडं पडलं आणि आतला बिस्किटाचा राहिलेला चुरा टिटवीला मागच्या रांगेतूनही दिसला. क्षणभर वाटलं, सापडला.

मग त्याने तोंड मिटलं, गिळलं आणि हसला.

"बरोबर," तो म्हणाला. "ही बोटं."

"काय?"

"ओंजळ म्हटली की बोटं आलीच. एकेक कॅम्पस एकेक बोट. ओंजळीचा हा दुसरा टप्पा, तोच आज तुमच्यासमोर उलगडतोय."

"ओंजळीला दहा बोटं असतात," डॉक्टरसाहेब म्हणाले. त्यांना शरीररचना पक्की ठाऊक होती. "आपले कॅम्पस पाच."

"उरलेली पाच म्हणजे वाढीला वाव."

"किती छान," मॅडम म्हणाल्या, आणि टाळ्या आधीपेक्षा जोरात सुरू झाल्या. शिवाय वैद्यकीयचं नाव पहिल्या ओळीत आलेलं पाहून डॉक्टरसाहेब इतके खूश झाले की उठून उभे राहिले.

म्हणजे टिटवी जिंकली होती. पण चिखलात पाय घालावा आणि तळ लागू नये, तसलं ते जिंकणं. ब्रँडवाला खाली येऊन तिचा हात हातात घेऊन हलवत राहिला. त्याचा हात ओलसर होता आणि त्याला काहीतरी गोड चिकटलेलं होतं.

ती हात पाठीमागे धरून बाहेर आली आणि शेतकीच्या ग्रंथालयाला फोन लावला, पुस्तक काढून ठेवा म्हणून सांगायला.

"आज नाही जमणार," तोच त्या दिवशीचा आनंदी माणूस म्हणाला. "दुपारपासून बंद. उद्घाटनाची अर्धी सुट्टी दिलीय मॅडमनी, सगळ्या ग्रंथालयांना. मी कुलूपच शोधतोय."

टिटवी भिंतीला टेकली. अक्का बसमध्ये होती. शेतकी म्हणजे शहराबाहेर, शेवटचा थांबा, पोचेपर्यंत दुपार होणार. तिची शेवटची सुट्टी आणि दाराला कुलूप.

विनवण्या करून उपयोग नव्हता, ते एकदा करून झालं होतं. एका बाईसाठी मॅडम काहीच सांडणार नव्हत्या. काय केलं की त्या हलतात हे टिटवीला आता चांगलंच कळलं होतं, आणि कळलं होतं म्हणूनच तिला शिसारी येत होती. ती परत आत गेली. व्यासपीठावर फोटो चालले होते. तिने सरळ जाऊन माइक धरला.

"मॅडम, एक भावना मांडू?" ती म्हणाली. आपला आवाज तिला ओळखू येईना, असा तो मध लावल्यासारखा झाला होता. "सर म्हणाले ओंजळ. पण आज पाचही ग्रंथालयांना कुलूप लागतंय. मिटलेल्या ओंजळीला आपण काय म्हणतो? मूठ म्हणतो. पहिल्याच दिवशी आपली ओंजळ मिटली, असं कुणी म्हणायला नको. उलट आज या ओंजळीतून पहिलं पुस्तक उचलणारा जो वाचक असेल, त्याचा फोटो... मला वाटतं, तिथे खऱ्या भिंती पडतील."

शब्द तोंडातून असे निसटत होते की जणू ती जन्मभर हेच बोलत आली होती. समोर ब्रँडवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हिच्यात आहे," तो मॅडमना म्हणाला. "हिच्यात ते आहे."

मॅडमनी तिथल्या तिथे फोन लावला. कुलपं उघडी ठेवा, संध्याकाळपर्यंत. फोटोवाल्याला ग्रंथालयाची गाडी दिली, आणि टिटवीलाही त्याच्यासोबत पाठवलं, "भावना समजावून सांगायला."

टिटवी आधी धावत बेसिनवर गेली. हात साबणाने दोनदा धुतले. मग चूळ भरली, परत भरली, बोटाने जीभ घासली. जिभेवरचा तो गोड चिकटा काही केल्या जाईना.

शेतकीची मागची इमारत म्हणजे लांबच लांब बैठं घर होतं, बियाण्यांच्या पोत्यांचा वास येणारं. अक्का खिडकीशी बसली होती. समोर ते जाडजूड पुस्तक, शेजारी तिचे कागद, आणि बोट एका ओळीवर घट्ट टेकवलेलं, ओळ पळून जाईल की काय अशा बेताने.

"ताई, जरा इकडे बघा," फोटोवाला म्हणाला. "पुस्तक असं ओंजळीत धरा."

"ओंजळीत धरलं तर लिहू कशाने?" अक्का मान वर न करता म्हणाली. "बाजूला हो बाबा. उजेड अडवतोयस."

टिटवीने त्याला बाहेरच्या झाडाचे फोटो काढायला धाडलं आणि अक्कासमोर येऊन बसली.

"तोंड का असं केलंयस?" अक्काने विचारलं. "उलटी होणारेय का?"

"झाली. माइकवर. सगळ्यांना फार आवडली."

अक्काने क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं. काय झालं असेल ते तिला थोडंफार कळलं असावं, कारण तिने आणखी काही विचारलं नाही. पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि पुस्तकही फिरवून टिटवीकडे केलं.

"बंद करायच्या आत संपवायचंय," ती म्हणाली. "तू वाच, मी लिहिते. हे कोष्टक. सावकाश, पण चुकू नकोस."

टिटवी घोटभर पाणी प्यायली आणि वाचायला लागली. सुती चादर, जाड वीण, उकळतं पाणी, कापडाला इजा नाही. सुती गाऊन, पातळ वीण, उकळत्याहून थोडं खाली. अक्काचं पेन कागदावर करकरत होतं. "पुढे," ती म्हणायची, आणि टिटवी पुढची ओळ वाचायची.